वयाचा दाखला

शाळेच्या कागदावर माझं वय चार वर्षांनी जास्त लागलंय, हे मला लहानपणापासून माहीत होतं. पण पन्नाशी उलटेपर्यंत मला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. कागद पेटीत आणि मी बाहेर, असा आमचा दोघांचा संसार चालला होता.

झालं होतं असं. माय मला शाळेत घालायला घेऊन गेली तेव्हा निजामाचं राज्य होतं. जन्माची नोंद कुणाकडेच नसायची, म्हणून वय बघायची एक रीत होती. पोराने उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायचा. कान हाती लागला की पोरगं शाळेच्या वयाचं झालं. माझे हात जन्माचेच लांब. मी नुसता कान धरला नाही, पार मानेपर्यंत बोटं नेली आणि वर मास्तरांकडे बघून हसलो. वाटलं, शाबासकी मिळेल. मास्तर म्हणाले, "अरे, ये तो बडा है," आणि तेरा लिहून मोकळे झाले. मी नऊ वर्षांचा होतो. हे सांगायला माय होती की! पण ती आवाराबाहेर लिंबाखाली उभी होती. आमच्या बायकांनी शाळेचा ओटा चढायचा नाही, असा तेव्हा गावाचा रिवाज होता. घरी आल्यावर तिला कळलं, तर ती म्हणाली, "बरं झालं की, लवकर मोठा व्हशील." माय बहात्तरच्या दुष्काळाच्या आधीच गेली. त्या तेराने पुढे काय केलं ते बघायला ती राहिली नाही.

दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. मी पेडगावच्या पलीकडच्या एका खेड्यात शिक्षक होतो. तिथेच दोन खणांचं घर होतं, दोन एकर कोरडवाहू होतं, ते बायको बघायची. शाळेत मी सव्वीस वर्षं होतो आणि त्यातली पंधरा दुसऱ्या नंबरवर. चार हेडमास्तर माझ्या डोळ्यांदेखत आले आणि गेले. त्यांची पत्रं मी लिहायचो, हिशेबाचे तक्ते मी भरायचो, इन्स्पेक्शनच्या वेळी घाम मला फुटायचा, आणि खुर्चीत बसून "या या साहेब" म्हणायचे ते. पाचवे हेडमास्तर जूनअखेर रिटायर होणार होते आणि ज्येष्ठता यादीत त्यांच्यानंतर माझं नाव होतं. आमच्या समाजाचा माणूस त्या शाळेत हेडमास्तर झाला नव्हता. मी होणार होतो.

दिवाळीच्या सुट्टीनंतर परभणीच्या ऑफिसात गेलो, तर तिथला एक क्लार्क माझं सर्व्हिस बुक उघडून म्हणाला, "गुरुजी, तुम्ही तर मेअखेर मोकळे."

"मोकळा म्हणजे?"

"अठ्ठावन्न पूर्ण. रिटायर."

हेडमास्तर जूनअखेर. मी मेअखेर. एक महिना! फक्त एक महिना! मी तिथेच ओरडलो, "अहो, मी चोपन्नचा होईन मेमध्ये, अठ्ठावन्नचा नाही!" सगळं ऑफिस माझ्याकडे बघायला लागलं. क्लार्क भला माणूस होता. त्याने मला बाहेर चहाला नेलं. म्हणाला, "जन्माची नोंद नाही ना? मग अर्ज करा. सोबत सरकारी डॉक्टरचा वयाचा दाखला लावा. डॉक्टर तुम्हाला बघून अंदाजे वय लिहून देतो. त्रेपन्न-चोपन्न लिहिलं की काम झालं. पण गुरुजी," त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, "जरा तब्येत करून जा."

जरा तब्येत करून जा. त्या चार शब्दांनी माझी झोप उडवली.

घरी येऊन आरसा खाली काढला, दारातल्या उजेडात धरला. आजवर मी आरशात फक्त दाढी बघत आलो होतो. आता माणूस बघितला. कानांतून केस आलेले. डोक्यावर मागच्या बाजूला चांदवा. डोळ्यांखाली पिशव्या. गळ्याची कातडी सैल पडलेली. कातडी तपासायची एक युक्ती कुणीतरी सांगितली होती: हाताच्या पाठीवर चिमटा घ्यायचा, सोडायचा, आणि कातडी किती वेळात जागेवर बसते ते मोजायचं. मी घेतला चिमटा. एक, दोन, तीन... चौथ्याला बसली. पुन्हा घेतला. पुन्हा चार. मग शेजारच्या पोराला हाक मारून त्याच्या हाताला घेतला. त्याची एक म्हणायच्या आत बसली. पोरगं घाबरून पळून गेलं. त्या दिवसापासून मला चिमट्याचं वेडच लागलं. वर्गात पोरं पाढे म्हणायची आणि मी टेबलाखाली चिमटे घेत बसायचो.

बायको म्हणाली, "आवो, तुमी हाताला काय करायलाव? निळं पडलंय की."

मी तिला सगळं सांगितलं. ती भाकरी थापता थापता ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मंजी डाक्टर तुमाला बैलावानी बगनार. दात मोजनार."

"हसू नको. चार वर्षांचा प्रश्न आहे."

"म्या कुटं हसले?" म्हणाली आणि हसली. पण दुसऱ्या दिवशी रानातून येताना ओच्यात केस काळे करणारा माका घेऊन आली.

कलप लावायचा नाही हे मी पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. आमच्यातल्या एका शिक्षकाने मुलीच्या लग्नात कलप लावला होता, तर त्याचं तोंड असं सुजलं की मंडपात त्याला कुणी ओळखेना. शिवाय डॉक्टरच्या नजरेतून कलप सुटतो होय? मला सगळं आतून पाहिजे होतं. शरीराला आपणहून चार वर्षं मागे यायला लावायचं होतं. फेब्रुवारीत डॉक्टरपुढे जायचं धरलं तर हातात तीन महिने होते.

मग काय विचारता! जो भेटेल त्याला मी विचारायला लागलो. कुणी म्हणे त्रिफळा, कुणी म्हणे पहाटे तांब्याभर पाणी, कुणी म्हणे मीठ सोडा. मी काहीच सोडलं नाही, सगळंच धरलं. पहाटे उठून पाणी. मग पेडगावच्या रस्त्याने झपझप चालणं, मैलभर जायचं नि मैलभर यायचं. आल्यावर अंगाला कोमट तिळाचं तेल. रात्री भिजवलेली आवळकाठी सकाळी कुस्करून प्यायची. त्या पाण्याने तोंड इतकं तुरट व्हायचं की पहिल्या तासाला मला कविता शिकवता यायची नाही. लोखंडी कढईत माका नि आवळा तेलात उकळून केलेलं काळं तेल डोक्याला. कढई चुलीवर तासभर असायची, आणि तिच्यापुढे बायको.

गावात एक म्हातारे बागायतदार होते, ऐंशीच्या घरातले. काठी न घेता मळ्यात जायचे, ऊस दातांनी सोलायचे. मी त्यांच्याकडे गेलो. "या मास्तर, वर बसा," म्हणाले. चहा आला. माझा कप वेगळ्या नक्षीचा होता, ते मी बघून न बघितल्यासारखं केलं. मी वही उघडली नि विचारलं, "बापू, तब्येतीचं गुपित काय?"

"गुपित कशाचं आलंय?" ते म्हणाले. "खायचं अन् हिंडायचं."

"पण खाता काय?"

"काय खातो मंजे? घरात जे आसंल ते. सकाळी धारेचं दूध, लोण्याचा गोळा, भाकरी. लहानपनापासून तेच हाय. दुसरं काई न्हाई बगा."

मी ते सगळं परीक्षेचं गाईड असल्यासारखं लिहून घेतलं. घरी वाचून दाखवलं तर बायको म्हणाली, "त्याह्यला ऐंशी वर्सं लागली ती तब्येत कराया. तुमी तीन महिन्यांत करता व्हय?" मला तिचा असा राग आला! म्हटलं, तुला काही करायचं नसतं, नुसतं बोलायचं असतं. आमच्याकडे एक शेळी होती. तिचं दूध आतापर्यंत चहात वाटून जायचं. त्या दिवसापासून ते पेल्यात माझ्यापुढे यायला लागलं आणि बायको काळा चहा प्यायला लागली. माझ्या ते लक्षात आलं नाही असं नाही. आलं होतं. पण मला वाटलं, जूनपर्यंतच तर आहे.

सगळ्यांत मोठा सोहळा संध्याकाळचा. तळपायाला तूप लावून काशाच्या वाटीने घासलं की डोळ्यांची आग जाते, झोप लागते, चेहरा उतरत नाही, असं आमच्याकडे म्हणतात. आमच्या घरात तूप पोटात जायची मारामार, आणि मी ते पायाला लावायला निघालो. बायकोने बहिणीकडून वाटी आणली. दिवसभर कापूस वेचून ती यायची, स्वयंपाक करायची आणि मग माझे पाय मांडीवर घेऊन बसायची. वाटी गरगर फिरायची, तूप काळं पडायचं. "बगा, किती उष्णता निगायली," ती म्हणायची. बोंडांनी तिच्या बोटांची टोकं फाटलेली असायची, ती माझ्या टाचेला टोचायची. मी म्हणायचो, जरा हलक्या हाताने. एकदा वाटी फिरवता फिरवता ती म्हणाली, "माजा बी गुडगा लय ठनकायलाय. उतरती आली की जीव जातो."

"परभणीला जायचंच आहे आपल्याला. तेव्हा दाखवू," मी म्हणालो, आणि मला झोप लागली.

मन मात्र स्वस्थ नव्हतं. कुणीतरी सांगितलं होतं की काळजीने माणूस लवकर म्हातारा होतो, म्हणून मी काळजी न करण्याचीही काळजी करायला लागलो. समाजमंदिरात बुद्धांच्या मूर्तीपुढे डोळे मिटून श्वास मोजायला बसायचो. आत आला, बाहेर गेला. पाचव्या श्वासाला मे महिना आठवायचा. दहाव्याला हेडमास्तरची खुर्ची. तिचा डावा हात मोडका होता, मी ठरवून टाकलं होतं की पहिल्यांदा तो सुताराकडून बसवून घ्यायचा. डोळे उघडून बघायचो तर पाच मिनिटंही झालेली नसायची. उठून आवारात येरझारा घालायचो. भन्ते एकदा आले होते, ते म्हणाले, "गुरुजी, तुम्ही श्वासाच्या मागे लागलाय." मी म्हटलं, मी वर्षांच्या मागे लागलोय.

मला खुर्ची कशाला पाहिजे होती? विचारणाऱ्याला मी सांगायचो की पोरांची वयं तरी नीट लिहीन, माझ्यासारखं कुणाचं होऊ देणार नाही. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. मला ती पाहिजे होती, बस्स. गावातल्या ज्यांनी मला पंधरा वर्षं "दुसरे गुरुजी" म्हटलं त्यांनी मला "मोठे गुरुजी" म्हणावं, एवढंच. हव्यास होता म्हणा. एवढं मात्र खरं की इतका हव्यास मला तरुणपणीसुद्धा कशाचा झाला नव्हता.

आणि गंमत अशी की उपाय लागू पडायला लागले. खरंच सांगतो. पोट आत गेलं. चालताना दम लागेना. चिमटा तिसऱ्या आकड्यावर आला. केस काळे झाले नाहीत, पण तेलाने चापून बसायला लागले, त्यामुळे पांढरे कमी दिसायचे. सकाळी तोंडावर तकाकी असायची. मानवतच्या बाजारात एक जुना ओळखीचा भेटला, म्हणाला, "काय हो, दुसरं लगीन केलं का काय?" मी आठवडाभर त्या वाक्यावर जगलो. बायकोलाही सांगितलं. ती म्हणाली, "करा की. पाय घासाया कोनी तरी लागंल." दोघंही पोटभर हसलो.

फेब्रुवारीत गुरुवार बघून रजा टाकली आणि सकाळच्या एसटीने आम्ही निघालो. बायकोने भाकरी बांधून घेतली होती. ती तिचं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसली होती. गुडघ्यामुळे एसटीच्या पायऱ्या तिला चढवेनात, तेव्हा कंडक्टर म्हणाला, "आजी, सावकाश." मी खिडकीची जागा धरायला पुढे गेलो होतो. मी ऐकलं, पण तेव्हा ते मनात शिरलं नाही.

दवाखान्यात व्हरांड्यात दीड तास बसलो. मी पाच वेळा उठून पाणी प्यायलो, तीन वेळा केस बसवले. बायको म्हणाली, "बसा की जरा. घामानं सगळं तेल वघळायलं." शेवटी माझा पुकारा झाला. ती बाकावरच बसून राहिली, दाराला लागून.

डॉक्टर चाळिशीचे होते, शांत. त्यांनी माझा अर्ज वाचला. मग जीभ बघितली, दात बघितले, एक एक दाढ दाबून बघितली. पापणी ओढून बॅटरी मारली. बुबुळाच्या कडेला, म्हातारपणी पांढरं कडं धरतं तिथे, बराच वेळ बघत राहिले. हात वर करायला सांगितले, खाली बसा, उठा. माझे गुडघे कटकट वाजले. एवढ्या तेलाने वाजायचे थांबले नव्हते मेले! मुठीत त्यांचं बोट धरून दाबायला सांगितलं, मी सगळा जीव लावून दाबलं. ते हसून म्हणाले, "पुरे, पुरे."

मग खुर्चीत बसून पेन उघडलं आणि नुसतेच थांबले. म्हणाले, "अवघड आहे हो. पन्नाशीनंतर शरीरावरून वय सांगणं म्हणजे अंदाजच. तुम्ही त्रेपन्नचेही असाल, सत्तावन्नचेही असाल. शाळेचा कागद सत्तावन्न म्हणतोय. मी कशाच्या आधारावर खाली आणू? घरातलं कुणी वडीलधारं आहे का सांगणारं?"

घरातलं वडीलधारं कुणीच नव्हतं. तेवढ्यात डॉक्टरांची नजर दाराकडे गेली. बायको कान देऊन वाकून बघत होती. पदर डोक्यावरून मागे सरकला होता. पांढरेफटक केस, उन्हाने करपलेलं तोंड, पुढचे दात पडल्यामुळे आत गेलेले ओठ. डॉक्टरांचा चेहरा उजळला.

"ह्या कोण? आई का तुमच्या?"

मी खोटं लिहिणार नाही. पहिल्या क्षणी मला आनंद झाला. वाटलं, डॉक्टरला मी हिच्या पोराइतका वाटलो! तीन महिन्यांच्या आवळ्याचं, त्रिफळ्याचं, सगळ्याचं चीज झालं. दुसऱ्या क्षणी कळलं की तो काय म्हणतोय. आणि तिसऱ्या क्षणी मी म्हणालो, "हो."

एकच अक्षर. ते तोंडातून गेलं आणि माझे कान तापले. मी दाराकडे बघू शकलो नाही. मला वाटलं, आता ती म्हणेल, काय बोलायलाव तुमी. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

"आत या आजी," डॉक्टर म्हणाले.

ती आली. लंगडत आली. माझ्याकडे बघितलंच नाही.

"हा तुमचा मुलगा?"

"व्हय सायेब," बायको म्हणाली. "म्याच ह्याची माय."

"वय काय तुमचं?"

"सत्तर आसंल बगा. कोनी लिवलंय?"

"आणि हा झाला तेव्हा तुम्ही किती वर्षांच्या होता?"

ती थोडी थांबली. कापसाचं ओझं उचलायच्या आधी थांबायची तशी. मग म्हणाली, "सतरा. पैलाच हाय ह्यो. सतराची व्हते म्या."

सत्तरातून सतरा गेले, त्रेपन्न. मला कागदावरसुद्धा इतक्या झटक्यात जमलं नसतं. मी बायकोला सही करण्यापुरती अक्षरं शिकवली होती. वजाबाकी मी तिला कधी शिकवली नव्हती. ती माझ्याहून सात वर्षांनी लहान होती. त्या दिवशी तिला सत्तेचाळिसावं चालू होतं.

डॉक्टर खूश झाले. म्हणाले, "बघा, याला म्हणतात पुरावा." आणि दाखल्यावर 'अंदाजे वय त्रेपन्न' असं लिहून शिक्का मारला. मग मायेने म्हणाले, "आजी, तुम्ही लंगडताय. पाय दाखवा बघू. बाहेरून केसपेपर काढून आणा, नाव-वय सांगा, नातं सांगा, मी लगेच बघतो."

"नको सायेब," ती म्हणाली. "म्हातारपन हाय. चालायचंच."

आम्ही बाहेर आलो. एसटी स्टँडवर तिने भाकरी सोडली, माझ्यापुढे केली. मी चिडूनच म्हणालो, कारण मला दुसरं काही येत नव्हतं, "तू कशाला बोललीस तसं? मी काहीतरी सांगून निभावून नेलं असतं."

"तुमी आदी व्हय म्हनलाव," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "मंग मी न्हाई म्हनून तुमाला खोटं पाडू का?"

"तुला वाईट वाटलं?"

ती पाणी प्यायली. तोंड पुसलं. "डाक्टर काई वंगाळ बोलला न्हाई. त्याला दिसलं तसं बोलला त्यो."

मी त्या दिवशी पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं. लग्नात मी अठराचा होतो, ती अकराची. पाच बाळंतपणं झाली, त्यातली दोन पोरं हाती लागली नाहीत. दुष्काळात मी शाळेच्या सावलीत बसलो होतो आणि ती खडी फोडत होती. तीन महिने मी रोज आरशात स्वतःचा एक एक पांढरा केस मोजला. ती माझ्यासमोर चुलीशी बसायची, माझे पाय मांडीवर घेऊन बसायची, आणि तिचे केस केव्हा पांढरे झाले, दात कोणत्या साली पडले, हे मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. मला लाज वाटली. भर स्टँडवर रडू आलं, ते मी खोकल्यात घालवलं.

तिला म्हटलं, "चल परत. गुडघा दाखवू. मी सांगतो डॉक्टरला खरं काय ते."

"आन् दाखला?" ती म्हणाली. "त्यो फाडंल की."

मी उभा राहिलो होतो, तो खाली बसलो. फलाटावर आमची गाडी लागली. मी तिला हाताला धरून पायऱ्या चढवल्या.

अर्ज मंजूर झाला. माझं वय सरकारने चार वर्षांनी कमी केलं. जून संपला, हेडमास्तर गेले आणि जुलैच्या पहिल्या सोमवारी मी त्यांच्या जागेवर रुजू व्हायचं ठरलं. गावाने सत्कार ठेवला होता. सरपंच स्वतः आदल्या दिवशी सांगायला घरी आले. नारळ, शाल, आणि वहिनींना लुगडं-चोळी, दोघांनी जोडीने खुर्चीवर बसायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. आमच्या वस्तीतली पोरं सकाळपासून पताका लावत होती. मी धुतलेलं धोतर नेसलो, टोपी घातली. बायको दारात ज्वारी पाखडत बसली होती, रोजच्या लुगड्यात.

"अगं, ऊठ. दहा वाजले. आवरलं नाहीस अजून?"

ती सूप हलवत राहिली.

"जोडीने बसायचंय. सगळं गाव येणार आहे."

तिने सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे वर बघितलं. टोमणा नव्हता त्यात, खरोखर विचारावं तसं तिने विचारलं.

"म्या तितं कोन म्हनून बसू? माय म्हनून, का बायकू म्हनून?"

शाळेकडून पोरं मला न्यायला आली, लेझीम वाजायला लागली. तिने सूप पुन्हा उचललं. मी एकटाच गेलो, आणि त्या खुर्चीत बसलो.